तळ्याकडची भिंत

आमच्या गावात वस्तुसंग्रहालय आहे हे गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना माहीत असून काही फरक पडत नाही. लोणार नाहीतर सिंदखेड राजा बघायला निघालेली एखादी गाडी वाट चुकून आमच्या तळ्याच्या पाळीवर येते, माणसं पाटी वाचून खाली उतरतात आणि पहिलं काय विचारतात, तर संडास कुठे आहे. मी दाखवते. मग बिचारी संकोचापोटी आत येऊन एक फेरी मारतात. तेवढ्यावरही मी खूश असते.

संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली. पूर्वी तिथे पाटाचं पाणी सोडणारा चौकीदार राहायचा. पाट बंद पडले, चौकीदार गेला आणि खोलीत शेळ्या बसायला लागल्या. मी गावातल्या शाळेत चित्रकला शिकवते, नवरा पेंटर. आम्ही दोघांनी ग्रामपंचायतीच्या मागे लागून ती खोली मिळवली, शेळ्या हाकलल्या, चुना मारला. तळ्याच्या बाजूला या खोलीला एकही खिडकी नाही, नुसती लांबलचक पांढरी भिंत. बांधणाऱ्याला पाणी बघायचा कंटाळा आला असणार, असं मी म्हणायचे. नवरा म्हणायचा, एवढी चांगली भिंत अख्ख्या तालुक्यात नाही, हिच्यावर काहीतरी लिहिलं पाहिजे. काय लिहायचं यावर आमचं कधी जमलं नाही, म्हणून ती कोरीच राहिली.

नवऱ्याची अक्षरं बघण्यासारखी. चिखलीच्या बाजारातल्या कितीतरी दुकानांवर, जीपच्या पाठीवर, देवळांच्या कमानींवर त्याचा हात फिरलेला. फ्लेक्स आले आणि त्याचं काम आटत गेलं, पण अक्षराचा तोरा काही गेला नाही. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी अक्षरं बघणार, नाक मुरडणार, मग लग्न कोणाचं ते वाचणार. माझी अक्षरं तर त्याला बघवतच नाहीत. आमच्या बाईंची ओळ उतारावरून घसरते, असं तो चारचौघांत सांगतो आणि हातानं उतारही करून दाखवतो. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. त्याला माणसाचा चेहरा काढता येत नाही, त्यानं काढलेले सगळे पुढारी एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात, हे मी त्याच चारचौघांना सांगते.

गावानं आम्हाला वस्तू दिल्या त्या अडगळ म्हणून. मोट, तिचा अंबाडीचा लांब नाडा, पितळी घंगाळ, रंगाऱ्याचे लाकडी ठसे, कुणाच्या आजीची फणेरपेटी. प्रत्येक वस्तूला नवऱ्यानं सुबक चिठ्ठी लिहिली आणि सुतळीनं बांधली. आणि खोलीच्या मधोमध, दोन लाकडी घोड्यांवर, डोंगा, मासे धरायची फळ्यांची होडी. आमच्या तळ्यातला शेवटचा.

तो एका भोई म्हाताऱ्याचा होता. तळं वर्षानुवर्षं कोरडं पडायला लागलं तसे मासे धरणारे एकेक करून धरणाकडे निघून गेले, हा एकटा राहिला. हातपाय थकल्यावर बैलगाडीत घालून डोंगा आमच्याकडे घेऊन आला. घोड्यांवर ठेवला आणि पिशवीतून गिरमिट काढून त्यानं डोंग्याच्या बुडाला सरळ भोक पाडायला घेतलं. मी किंचाळलेच. तो थांबला नाही. भोक आरपार झाल्यावर भुसा फुंकून म्हणाला, "धन्यानं सोडलं तरी डोंगा वाट पाहात राह्यते, बाई. भोक पाडलं का त्याले समजते." त्यांच्यात तशी रीतच होती. सोडलेल्या डोंग्याला धनी स्वतः भोक पाडतो, आणि मग तो डोंगा कोणी पाण्यात घालत नाही. त्याच हिवाळ्यात म्हातारा गेला.

त्या भोकावरून आमचं घरात जुंपलं. मला ते लांबी भरून बुजवायचं होतं. एवढी सुंदर वस्तू आणि तिच्या पोटात हे भगदाड, मला बघवेना. नवरा म्हणाला, भोक बुजवलं तर डोंग्यात राहिलंच काय. तो हटून बसला. शेवटी त्यानं डोंग्याच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'हे भोक मुद्दाम पाडलेलं आहे', आणि मी हरले. पुढचे काही दिवस आम्ही मीठ-भाकरीपुरतं बोलत होतो.

दर दिवाळीला मात्र दोघं मिळून डोंग्याला जवसाचं तेल चोळायचो. वर्षभर सावलीत, तेल प्यायलेलं लाकूड, अगदी चकाकायचं.

त्या वर्षी भादव्यात तळं भरलं होतं. बाया ओटी घेऊन पाळीवर येऊन गेल्या, मीही नारळ फोडला. तळ्याच्या मध्ये एक टेकाड आहे, त्यावर पीराचा दर्गा, छोटा घुमट, पुढे चार पायऱ्या. काठापासून तिथपर्यंत मातीची उंच वाट आहे. ती भरल्या तळ्यातही पाण्याच्या वर असते, दर गुरुवारी सगळ्या गावचे पाय तिच्यावरून जातात. उरूस जवळ आला होता. दर्ग्याचा मुजावर, ज्याला सगळं गाव चाचा म्हणतं, त्यानं नवऱ्याला रंगकाम सांगितलं. भिंतींना चुना, दाराभोवती हिरवी वेलबुट्टी. बऱ्याच दिवसांनी ब्रशचं काम आलं होतं. तो पहाटेच डबे, ब्रश आणि भाकरी घेऊन गेला. जाताना शीळ घालत होता, त्यावरही मी ओरडले, कारण शेजारचं लेकरू झोपलेलं होतं.

आमच्याकडे त्या दिवशी थेंब नव्हता. ऊन होतं. पाऊस वरच्या अंगाला रात्रभर कोसळला होता, ते आम्हाला नंतर कळलं. मी शाळेत निघायच्या तयारीत होते आणि फोन वाजला.

"वाट गेली," नवरा म्हणाला.

मी विचारलं, कुठे गेली?

"पाण्यात. तू जाय शाळेत. मी तंवर काम आटपतो, उतरंल पाणी."

मी पाळीवर गेले तर चाचा चहाची किटली हातात धरून उभा होता आणि त्याच्या समोर वाट नव्हती. गढूळ, तांबडं पाणी कडेनं धावत होतं. त्यात कडब्याच्या पेंढ्या, एक पाइप, कुणाच्या गोठ्याचा पत्रा. तळ्याचं पाणी असं धावतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. आमचं तळं म्हणजे पसरलेलं, सुस्त, म्हशी बसलेलं. मला हे पाणी परक्या गावचं वाटलं.

पाणी उतरलं नाही. ते टेकाडावर चढत होतं. काठावर माणसं जमली, तलाठी आले, तहसीलला फोन गेले. बुलढाण्याहून रबरी बोट निघाली आहे, असं कळलं. मधल्या नाल्यांवर पूर, रस्ते बंद, पण निघालेत. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, निघालेत. निघालेत हा शब्द मी त्या दिवशी इतक्यांदा ऐकला की आजही कोणी फोनवर निघालोय म्हटलं की मी फोन ठेवून देते. एक धट्टाकट्टा माणूस ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन पाण्यात उतरला. प्रवाहानं त्याला असा फिरवून काठाला आपटला की दुसरं कोणी उतरायला धजेना.

नवऱ्याचा फोन पुन्हा आला तेव्हा पाणी दर्ग्याच्या शेवटच्या पायरीवर होतं. घुमटामागच्या दगडी जिन्यानं गच्चीवर चढ, मी सांगितलं. तो म्हणाला, चढतो, घाई काय. पण गच्ची जुनी, भिंती मातीत बांधलेल्या, पाया पाण्यात. तो दर्गा पाण्यात किती वेळ उभा राहील ते काठावर कोणालाच सांगता येत नव्हतं. सगळे सांगत मात्र होते. कोणी म्हणे काही होत नाही, कोणी म्हणे अशी बांधणी बसते तर एकदम बसते. मी त्या दुसऱ्या माणसाच्या अंगावर धावून गेले, हे मला नंतर लोकांनी सांगितलं.

मग मला डोंगा आठवला.

म्हाताऱ्याचा मुलगा आमच्याच गावात आहे. तो चिखलीच्या रस्त्यावर जीप चालवतो. लहानपणी बापाबरोबर डोंग्यात बसलेला तो एकटाच उरला होता. मी त्याला डोंगा काढायला सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली.

"सोडलेला डोंगा हाये तो, बाई. माह्या बापानं सोडला. त्याले पाण्यात नाही घालत."

मी त्याच्या पाया पडले. त्यानं पाय मागे घेतले, पण हो म्हणेना. मग माझा तोल गेला. मी त्याला म्हटलं, तुमच्या बापानं तो मला दिला. आता धनीण मी आहे आणि मी सोडलेला नाही. मी सोडलेलं नाही, असं मी पुन्हा म्हटलं, आणि मी डोंग्याबद्दल बोलत नव्हते हे त्याला कळलं असावं. तो संग्रहालयाकडे चालायला लागला.

मग आमचं संग्रहालय घटकाभरात रिकामं झालं. इतकी माणसं त्या खोलीत कधीच आली नव्हती. डोंगा आठ-दहा जणांनी उचलला. भिंतीवरचं वल्हं निघालं. मोटेचा नाडा निघाला, पाणी उपसायला घंगाळ निघालं. कुणीतरी गादी फाडून कापूस आणला, रस्त्याच्या कामावरचं डांबराचं पिंप गडगडत आणलं आणि खाली जाळ केला. जीपवाल्यानं लाकडाची खुंटी तासली, डांबरात भिजवलेला कापूस तिला गुंडाळला आणि बापानं पाडलेल्या भोकात ठोकून बसवली. ठोकताना तो माझ्याकडे बघत नव्हता. डोंग्याला बांधलेली चिठ्ठी तशीच लोंबत होती.

मी नवऱ्याला फोन लावला. डोंगा काढतोय, मी येते, असं सांगितलं.

"त्याले पाण्यात घालू नको," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बदलला होता. "तू तं बसूच नको त्याच्यात. ऐकून घे माह्यं, अगं..."

फोन तुटला तो तुटलाच. नंतर कितीदा लावला, लागला नाही.

डोंग्यात कोणी बसायचं यावरून वाद झाला. वल्हवायला जीपवाला, आणि पाणी उपसायला कोणीतरी हलकं पाहिजे होतं. माझ्या अंगावर मांस कधीच नव्हतं. नवरा त्यावरूनही चिडवतो. बायकामाणसानं जाऊ नये, असं दोन-तीन जण म्हणाले, त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोंग्याच्या शेंड्याला नाडा बांधला, त्याचं दुसरं टोक चाचानं आणि बाकीच्यांनी धरलं, आणि मी घंगाळ मांडीत घेऊन बसले.

नवरा गच्चीवर न चढता दर्ग्याच्या दारातच उभा होता. दोन्ही हात हलवत होता. तो ये म्हणत नव्हता, परत जा म्हणत होता, हे मला इतक्या लांबून कळत होतं. मीही हात हलवला.

माझे डोळे त्या खुंटीवर खिळलेले होते. थेंब येतो का, थेंब येतो का. खुंटी पक्की होती. तिथून थेंबही आला नाही. आला तो फळ्यांच्या सांध्यांतून. वर्षानुवर्षं सावलीत सुकलेलं लाकूड आकसलं होतं, आणि आमच्या जवसाच्या तेलानं वरून नुसतं चकाकत होतं. आधी पाझरलं, मग धारा लागल्या. मी उपसत होते आणि घोट्यापर्यंत पाणी होतं. मी उपसत होते आणि पोटऱ्या बुडाल्या. मग एक फळी सुटल्याचा आवाज आला, आणि डोंगा आमच्या खालून निघून गेला.

त्यापुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. नाकातोंडात मातीची चव. जीपवाल्यानं माझी वेणी धरलेली. नाडा माझ्या काखेतून करकचून गेलेला. प्रवाहानं आम्हाला आडवं ओढून बुडालेल्या बाभळींच्या रांगेमागे नेलं, आणि तिथून काठावरच्या माणसांनी नाड्याला धरून आम्हाला बाहेर काढलं. अंबाडीचा तो नाडा तुटला नाही. माझ्या खांद्यावर त्याचा वळ अजून आहे.

शुद्धीवर आल्यावर मी ओकले, आणि मग पहिल्यांदा टेकाडाकडे बघितलं.

नवरा दर्ग्याच्या दारात बसला होता. पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं, त्याचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. मान खाली. जिना त्याच्या मागेच होता, पण तो उठत नव्हता. मला आधी वाटलं, दमला असेल. मग वाटलं, पायाला काही झालं असेल. सगळे ओरडायला लागले, वर चढ, वर चढ. वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता. तो मान वर करेना.

चाचा माझ्या शेजारी बसला. त्याच्या हातांची साल नाड्यानं सोलवटली होती.

"उसको लगा तुम गई, बेटी," तो हळूच म्हणाला.

मला कळलं. त्यानं डोंगा बुडताना बघितला होता आणि आम्ही बाहेर निघालो ते बाभळींमागे. तिथून त्याला काही दिसलं नसणार. त्याच्या लेखी मी तळ्याच्या तळाशी होते. आणि म्हणून तो चढत नव्हता. पाणी येतंय तर येऊ दे, असं बसला होता. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की बस. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यानं माझं एक ऐकलं नाही आणि आता मी मेले म्हणून मरायला निघाला. मी काठावर उभी राहून ओरडले, उड्या मारल्या, पदर हलवला. काठावर शंभर माणसं हलत होती, त्यात एक बाई हलली तर त्याला काय दिसणार. मी चिखलात बसून कपाळ बडवून घेतलं. एवढं हताश मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, समोर आहे, आणि हे त्याला सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

बसल्या जागी मागे वळले तर ती भिंत होती. पांढरी, लांबलचक, तळ्याकडे तोंड करून.

डांबर अजून पातळ होतं. मी पोत्याचा बोळा काठीला बांधला, शाळेतलं टेबल आणायला लावलं, त्यावर चढले. काय लिहावं याचा विचार केला नाही. जेवढी कमी अक्षरं तेवढी ती मोठी होणार, एवढंच डोक्यात होतं. माणसाच्या उंचीहून मोठी अक्षरं काढायची मला सवय नव्हती. हात थरथरत होते, ओल्या साडीचा बोंगा पायात येत होता, डांबर कोपरापर्यंत ओघळत होतं आणि चटके बसत होते. एका जागचं संपलं की टेबल पुढे सरकवायचे. लिहून झाल्यावर मागे जाऊन बघितलं. माझ्या सगळ्या ओळींसारखी ही ओळही उजवीकडे खाली घसरली होती.

मी आहे.

त्याची मान वर नव्हतीच. अक्षरं तळ्याकडे बघत होती आणि तो पाण्याकडे.

तेव्हा जीपवाला उठला. तोपर्यंत तो एका कडेला घोंगडी पांघरून कुडकुडत बसला होता. पाळीवर उभ्या असलेल्या आपल्या जीपकडे गेला आणि त्यानं हॉर्न दाबला. त्याचा हॉर्न साधा नाही, एका लग्नातल्या गाण्याचे तोडकेमोडके सूर असलेला आहे. अख्ख्या पंचक्रोशीत तसा दुसरा नाही, आणि त्या जीपच्या पाठीवरचं लिखाण माझ्या नवऱ्याच्याच हातचं. तो हॉर्न त्या मरणघडीला भलताच आनंदी वाजत होता. जीपवाला हात काढीना. वाजवतच राहिला.

नवऱ्यानं मान वर केली. ज्याची जीप वाजतेय तो तर बुडाला, असं त्याच्या मनात आलं असेल. त्यानं पाळीकडे बघितलं. मग भिंतीकडे.

तो उठून उभा राहिला. पाणी त्याच्या मांड्यांना लागत होतं. त्यानं हात हलवला नाही, काही केलं नाही, नुसता बघत राहिला. आणि मग वळून दाराच्या आत गेला आणि दिसेनासा झाला. मला वाटलं, पडला. मला वाटलं, वाचलंच नाही त्यानं, किंवा वाचूनही खरं वाटलं नाही. मी चाचाचा हात धरला, त्या सोललेल्या हाताला किती दुखत असेल याचं भानही मला नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात डबा होता. नुकताच चुना मारलेल्या दर्ग्याच्या भिंतीसमोर तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि त्यानं एक लांब, आडवी हिरवी रेघ ओढली. सरळ. अगदी दोरी धरल्यासारखी. त्या अवस्थेतही त्यानं आधी वरची रेघ आखून घेतली. मग तिच्याखाली दोन अक्षरं आली, आमच्या बोलीतलं 'हो'.

हाव.

मग त्यानं डबा पाण्यात सोडून दिला, मागच्या जिन्याकडे गेला आणि गच्चीवर दिसला. घुमटाला टेकून, आमच्या भिंतीकडे तोंड करून बसला. मला रडू आलं ते तेव्हा. इतकं मोठ्यानं, की जीपवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला.

रबरी बोट दिवेलागणीच्या आधी पोचली. दर्गा उभा राहिला. बोटीतून नवऱ्याला दोघांनी धरून आणलं. मी पुढे झाले, तर त्यानं माझा चेहरा चाचपला, आंधळा माणूस चाचपतो तसा, कपाळ, नाक, हनुवटी. हाताला हिरवा रंग होता, तो माझ्या तोंडाला लागला. पुढे कितीतरी दिवस तो गरजेपुरतंच बोलायचा.

दर्ग्यावरचा ओला रंग पाण्यानं नेला. सकाळी तिथे नुसता हिरवा डाग होता, उरसाच्या आधी चाचानं दुसऱ्या पेंटरकडून त्यावर चुना मारून घेतला. नवऱ्याला पुन्हा तिकडे जायचं धाडस झालं नाही. पाणी ओसरल्यावर डोंग्याच्या फळ्या चिखलात सापडल्या. बुडाची फळी मिळाली, तिच्यात खुंटी तशीच घट्ट. जीपवाला आला, खुंटी ठोकून बाहेर काढली आणि स्वतःबरोबर घेऊन गेला. फळ्या आम्ही परत घोड्यांवर मांडल्या. घंगाळ मिळालं नाही.

लोकांना वाटतं ते सगळं त्याच दिवशी संपलं. नवरा आता दुसऱ्या खोलीतून मधूनच मला हाक मारतो. काम काही नसतं. मी ओ द्यायची, एवढंच. भाजीच्या फोडणीत नाहीतर नळाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही तर तो उठून येतो, दारात उभा राहतो, मला बघतो आणि परत जातो. मी कधीकधी वैतागते. दिवसातून किती वेळा ओ द्यायची माणसानं. मग त्याचा चेहरा बघते आणि ओ देते. मलाही पाण्याचा आवाज सहन होत नाही. तळ्याकाठी घर आहे, जाणार कुठे.

मागच्या वर्षी ग्रामपंचायतीनं पाळ सुशोभित करायचं ठरवलं. तळ्याकडच्या भिंतीवर स्वच्छतेचं घोषवाक्य लिहायचं, आणि काम नवऱ्यालाच सांगितलं. नीट मोबदल्याचं काम होतं. तो चुन्याची बादली घेऊन गेला आणि मीही मागून गेले, कारण तळ्याच्या बाजूला तो एकटा जातो तेव्हा मला घरात बसवत नाही.

दोन पावसाळ्यांत डांबर ठिकठिकाणी पोपडे धरून सुटलं होतं. तो बराच वेळ भिंतीसमोर उभा राहिला. मग बादली बाजूला ठेवली, पिशवीतून काळ्या रंगाचा डबा काढला आणि माझी अक्षरं गिरवायला लागला. जिथे माझा हात कापला होता तिथे त्यानंही रेघ कापरी काढली. जिथे डांबर ओघळलं होतं तिथे ओघळही काढला. ज्या माणसाला लग्नपत्रिकेतलं वाकडं अक्षर खपत नाही, तो माझी घसरती ओळ तशीच्या तशी गिरवत होता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, आता एवढं करतोच आहेस तर ते घसरलेलं तरी सरळ कर, गावाला कायमचं दिसणार आहे.

त्यानं ब्रश थांबवला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "मले असंच दिसलं होतं."